मृतांच्या शनिवारी एक नाव

झेनोवी मोराऊने माझ्या नवऱ्याला पकडून दिलं हे मला सतरा वर्षांनी कळलं, आणि तेही एका अक्षराच्या शेपटीवरून.

आधी माझा धंदा सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी टाइपरायटर दुरुस्त करायचे. आता आमच्या ब्रैलात टाइपरायटर कुणाकडे उरलाय म्हणा, पण त्या काळी गावात दोनशे दहा यंत्रं होती आणि एकेकाची खोड मला तोंडपाठ होती. दवाखान्यातल्या यंत्राचा ‘र’ कागदात भोक पाडायचा. बंदरावरच्या यंत्राचा ‘ओ’ आतून शाईने बुजलेला असायचा. माझ्याइतकंच हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल तर ते पोलिसांना. वर्षाच्या सुरुवातीला मालकाने यंत्र काखोटीला मारून ठाण्यात जायचं, साहेबासमोर सगळी अक्षरं एका कागदावर उमटवायची, खाली सही ठोकायची. मध्ये दुरुस्ती झाली तर परत जायचं. बायको पळाली तर कळवायला उशीर चालायचा, अक्षराचा खिळा बदलला तर नाही.

माझा नवरा लेओंतिन इतिहासाचा मास्तर. दोनशे वर्षांपूर्वीच्या क्रांतीत पॅरिसमधे कोण कुठल्या बाकावर उभा राहून काय बोलला हे त्याला माहीत. आपल्या घरात बटाटे कुठे ठेवतात हे माहीत नाही. त्या लोकांवर त्याचा फार जीव. म्हणायचा, “अग्लाया, त्यांचा गुन्हा एवढाच, की माणसाला नीट समजावून सांगितलं तर तो नीट वागेल असं त्यांना वाटलं.” मी म्हणायचे, “मग शेजारणीला समजाव, रांगेत घुसते.” पण वर्गात तो पुढचंही शिकवायचा. ज्यांनी स्वातंत्र्याच्या ओळी लिहिल्या, त्यांनीच चार वर्षांत गल्लीगल्लीत समित्या नेमल्या आणि शेजाऱ्यांची नावं गोळा करायला लागले, आणि शेवटी सगळं एका सेनापतीच्या घशात गेलं. हे तो इतक्या सरळ चेहऱ्याने सांगायचा की पोरांना कळायचं आणि मुख्याध्यापकांना कळायचं नाही.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात घरं गरम करणं बंद झालं. पाव माणशी मोजून मिळायला लागला. त्या हिवाळ्यात लेओंतिनने चार ओळी टाइप केल्या. जुलमाला विरोध करणं हा माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे, अशा अर्थाच्या. ओळी त्याच्या नव्हत्याच, सरकारने छापलेल्या पाठ्यपुस्तकातल्या होत्या. खाली त्याने पान नंबरही घातला, मास्तरच तो! कार्बन लावून चाळीस प्रती काढल्या आणि पावाच्या दुकानात, ट्रामच्या बाकांवर, दवाखान्यात सोडल्या. तीच ओळ पुस्तकात असली तर धडा, आणि रांगेत सापडली तर पाच वर्षं.

यंत्र ओळखू येऊ नये म्हणून मी त्याचे बावीस खिळे काढून भंगारातल्या यंत्राचे डाख देऊन बसवले होते. टाइप करून झालं की पुन्हा मूळचे लावले आणि ते बावीस कॉफीच्या डब्यात घालून माझ्या कामाच्या टेबलाच्या तिसऱ्या खणात टाकले. जानेवारीत ठाण्यात आमच्या यंत्राचा ठसा घेतला, पत्रकांशी जुळेना. गावातल्या एकाही यंत्राशी जुळेना. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

फेब्रुवारीत तिघे आले. पुस्तकांना हात लावला नाही, गाद्या उचलल्या नाहीत. सरळ माझ्या टेबलाशी गेले, तिसरा खण उघडला, डबा उचलला. लेओंतिनने माझ्याकडे पाहिलं. बस्स, एवढंच. त्या क्षणापासून त्याच्या लेखी मी संपले.

चौकशीत त्याला सांगितलं म्हणे, “बायकोचे आभार मान, तिने आमचा वेळ वाचवला.” आणि मला कुणी अटक केली नाही, धड विचारलंही नाही. मग गावाने काय समजायचं? आणि त्याने तरी?

अठ्ठ्याऐंशीत कैद्यांना सार्वत्रिक माफी झाली आणि तो सुटून आला. छातीचा पार खुळखुळा झालेला. पावणेदोन वर्षं माझ्यासमोर बसला पण मी कापलेल्या पावाला शिवला नाही. आपला पाव आपण कापायचा. मी देव्हाऱ्यासमोर शपथा घेतल्या, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतल्या. तो एकदाच बोलला. “अग्लाया, डबा दोघांनाच माहीत होता.” आमची स्मरांदा तेव्हा पंधरा वर्षांची. तिने ते भिंतीआडून ऐकलं. एकोणनव्वदच्या नोव्हेंबरात लेओंतिन गेला, आणि बरोबर महिन्याभराने लोक उठले आणि तो वरचा हुकूमशहा बायकोसकट मारला गेला. महिनाभर थांबायलाही लेओंतिनला जमलं नाही.

त्या डिसेंबरात नगरपालिकेच्या गच्चीवर उभं राहून कोणी भाषण केलं? झेनोवीने. फ्रेंचचा मास्तर, लेओंतिनचा जिवलग, स्मरांदाचा धर्मबाप. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच तिला पाण्यातून उचलून घेतलं होतं. त्याने त्याच चार ओळी वाचल्या, लेओंतिनचं नाव घेऊन, रडत. खाली चौकात हजारो माणसं रडली. मीही रडले. पुढे त्याने स्मरांदाची शिकवणी घेतली, दंतवैद्यकीला प्रवेश मिळवून दिला, लग्नात बापाच्या जागी उभा राहिला. मी दर ईस्टरला त्याच्याकडे कोकराचं मटण पाठवायचे. चांगला मांड्यांचा भाग.

मग सरकारने पोलिसांचे जुने कागद लोकांना वाचायला खुले केले. मी अर्ज केला, दोन वर्षांनी नंबर लागला, बुखारेस्टला गेले. एका मुलीने फायली समोर आणून ठेवल्या आणि म्हणाली, “आजी, पाणी हवं तर सांगा. इथे लोकांना लागतं.”

खबऱ्यांची नावं नव्हती, टोपणनावं होती. आमच्या खबऱ्याचं टोपणनाव होतं ‘तत्त्वज्ञ’. आणि त्याचे अहवाल टाइप केलेले होते. बाकीचे खबरी हाताने लिहायचे, पण यालाच अक्षर ओळखलं जाण्याची भीती. एक अहवाल जानेवारी शहाऐंशीच्या अखेरचा:

“द्राक्षमळ्यात मद्यपान सुरू असताना सदर व्यक्तीने हसत हसत सांगितले की त्याची पत्नी खिळे बदलण्यात इतकी तरबेज आहे की पोलिसांच्या बापालाही यंत्र सापडणार नाही. खिळे कॉफीच्या डब्यात, तिसऱ्या खणात असतात.”

मी पाणी मागितलं. लेओंतिन! माझी फुशारकी मारत होतास रे? दोन पेले पोटात गेल्यावर बायकोचं कौतुक केलंस, विसरलास, आणि मग मेलास तोवर माझ्या हातचा पाव खाल्ला नाहीस!

दुसरा अहवाल फेब्रुवारीतला, अटकेच्या दोन दिवस आधीचा: “संशय पत्नीवर वळवावा असे सुचविण्यात येते. सदर व्यक्ती स्वभावाने संशयी असून त्यावर सहज विश्वास ठेवील.”

हे वाक्य मी किती वेळा वाचलं सांगता येत नाही. आणि वाचता वाचता अर्थ बाजूला पडला आणि माझे डोळे धंद्याच्या सवयीने अक्षरांकडे गेले. आमच्या लिपीत ‘त’सारख्या एका अक्षराच्या पायाशी छोटी शेपटी असते. या कागदावर ती शेपटी डावीकडे वळलेली होती. कारखान्यातून अशी शेपटी निघत नाही. ती मी केली होती, पितळेचा कण कानशीने घासून, चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, कारण सुटा खिळा कुठे मिळत नव्हता. जगात तशी एकच. आणि ती झेनोवी मोराऊच्या यंत्रावर होती. त्या दुरुस्तीचे मी पैसेही घेतले नव्हते.

स्मरांदा गालाचला राहते, तासाभराच्या रस्त्यावर. मी थेट तिच्या दवाखान्यात गेले, प्रती टेबलावर ठेवल्या. तिने हातमोजे काढून सगळं वाचलं.

“मग हा तत्त्वज्ञ कोण?”

“तुझे झेनोवीकाका.”

“कुठे लिहिलंय?”

मी शेपटी दाखवली. तिने भिंग लावून पाहिली, दाताची कीड पाहावी तशी.

“आई, एका अक्षरावरून?”

“माझ्या हातचं काम आहे ते. तू केलेला दात तू ओळखशील की नाही?”

“नाही ओळखणार,” ती म्हणाली. मग मऊ आवाजात, आणि तो मऊपणाच जास्त लागला: “आई, सतरा वर्षं तू कुणावर तरी ढकलायला बघतेयस. मी तुला कधी काही बोलले का? तुला तेव्हा धाक घातला असेल. मी लहान होते घरात. मी समजू शकते गं. पण काकांना मधे आणू नकोस. त्यांनी मला उभं केलंय.”

म्हणजे पोरीने मला केव्हाच दोषी ठरवलं होतं, आणि वरून माफही करून टाकलं होतं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच बसने परत आले, ठरवूनच. झेनोवीच्या तोंडून, पोरीच्या देखत, हे वदवून घेतल्याशिवाय मरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभी राहिले. सत्तरी उलटलेला माणूस, पण दाढी रोजची, कोट घरातसुद्धा.

“या वहिनी, या! कॉफी टाकतो. की आलुबुखारची दारू, थेंबभर?”

मी प्रत टेबलावर ठेवली. त्याने चष्मा लावला आणि सावकाश वाचलं, पोरांचे निबंध तपासल्यासारखं. मग बोट शेपटीवर ठेवलं.

“डावीकडे वळलीय. मी तेव्हाच म्हटलं होतं तुम्हाला.”

एवढा निर्लज्जपणा मला अपेक्षित नव्हता. तो नाही म्हणेल, रडेल, पाया पडेल असं धरून आले होते. माझ्या तोंडून नुसतं “का?” एवढंच निघालं.

“शांतपणे विचार करा, वहिनी. पोलीस शाळेपर्यंत पोचलेच होते. आज ना उद्या तुमचं टेबल तपासलं असतं. मग तुम्ही दोघं आत आणि स्मरांदा अनाथाश्रमात. त्या काळचे अनाथाश्रम ठाऊक आहेत ना? मी बसून तोललं. एक जण जाणार, दोघी राहणार. आणि खबर बायकोने दिली असं ठरलं तर खिळे कोणी डाखले हे कुणी विचारणार नाही. विचारलं का? नाही. विवेकाने केलेलं गणित होतं आणि ते बरोबर आलं.”

“लेओंतिनला तुम्ही जिवंतपणी विधुर केलंत.”

“लेओंतिनला रागावर जगता यायचं. तुम्हाला नसतं आलं.”

“आणि तुम्हाला काय मिळालं, भाऊजी? विवेकाचं बक्षीस?”

तो प्रथमच खिडकीकडे बघायला लागला. “पासपोर्ट. एकदाच. अकरा दिवस पॅरिस.”

लेओंतिनला त्या शहराची गल्ली न् गल्ली पाठ होती आणि तो आयुष्यात बुखारेस्टच्या पलीकडे गेला नाही. टेबलावर पाव कापायची सुरी होती. मी तिच्याकडे पाहिलं, हे मी लपवत नाही.

“स्मरांदाला सांगा,” मी म्हटलं. “तुमच्या तोंडाने. शनिवारी मृतांचा दिवस आहे, त्याच्या आत.”

“नाही सांगणार. तिला एक बाप गमावून झालाय, दुसरा कशाला घालवायचा? आणि तुम्ही सांगून पाहिलंत ना? एक म्हातारी बाई आणि एक शेपटी. कोण ऐकणार?” दारापर्यंत सोडायला आला, वर कोटही धरला माझा. “हिवाळी बूट घाला हो, बर्फ गोठलाय.”

घरी परतताना चर्चवरून आले. मेणबत्त्यांच्या खिडकीशी बायका भिंतीला कागद टेकवून नावं लिहीत होत्या. ईस्टरच्या मोठ्या उपासाच्या आधी तो शनिवार येतो तेव्हा प्रत्येक घरचे दोन कागद पाद्रीबाबाकडे जातात, एक जिवंतांचा, एक मेलेल्यांचा. आडनाव नाही, हुद्दा नाही, फक्त बाप्तिस्म्याचं नाव. देवाला तेवढं पुरतं. कागदांची गल्लत होऊ नये म्हणून बाया तीन-तीनदा तपासतात. जिवंताचं नाव मेलेल्यांत वाचलं गेलं तर, माझी आई म्हणायची, तो माणूस उभा वाळतो. एका शेजारणीने घाईत सासूचं नाव चुकीच्या कागदावर घातलं होतं तर दोन कुटुंबं दहा वर्षं एकमेकांशी बोलली नव्हती.

मी मेणबत्त्या विकणारीला विचारलं, “आपल्या चर्चमधे झेनोवी नावाचे किती?”

“एकच की. मोराऊ मास्तर. आता कोण ठेवतं असली नावं?”

मी एक कागद विकत घेतला.

शनिवारी चर्च खच्चून भरलेलं. मधल्या लांब टेबलावर घरोघरची कोलिवाची ताटं, उकडलेले गहू, वर साखरेचा थर आणि अक्रोडाचे क्रूस, प्रत्येकात मेणबत्ती खोचलेली. स्मरांदा गालाचहून आली ती झेनोवीला त्याच्या घरून आपल्या गाडीत घेऊनच. त्याचा हात तिच्या कोपरात. माझ्या गालाला गाल लावून ती म्हणाली, “आज काही नको हं, आई.”

“आज फक्त प्रार्थना,” मी म्हटलं.

पाद्रीबाबा नवा, तरुण, दुसऱ्या गावाहून बदलून आलेला. कागदांचा गठ्ठा हातात घेऊन त्याने गिरणी सुरू केली: “दुमित्रू, स्ताना, परास्किवा, दुमित्रू, इलिंका...” लोक आपापलं नाव येईपर्यंत डुलक्या घेत होते. मग माझा कागद आला. तो थांबला. कागद उलटून पाहिला. एवढ्या मोठ्या कागदावर एकच नाव त्याने कधी वाचलं नसावं, म्हणून असेल, त्याने ते अगदी सुटं, स्पष्ट वाचलं.

“देवाचा सेवक झेनोवी. प्रभो, मृताच्या आत्म्याला शांती दे.”

माझ्या मागची एक म्हातारी ओरडलीच. “अगं बाई! हा तर इथे उभाय!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. झेनोवीही हसला. “देवाने वरच्या वर्गात घातलं वाटतं मला,” तो म्हणाला, आणि आणखी दोघं-चौघं हसली. स्मरांदाने माझा दंड धरला. “आई, कागद बदलले तुझे! दुसरा दे लवकर.”

“होतं असं, आजी,” पाद्रीबाबा म्हणाला. “जिवंतांचा कागद द्या, मी दुरुस्त करतो.”

“चूक नाही झाली, बाबा. बरोबर वाचलंत. पुढे चला.”

आता कुणी हसेना. पाद्रीबाबा गोंधळला आणि गोंधळलेली माणसं करतात तेच त्याने केलं, पुढचा विधी सुरू केला. ‘शाश्वत स्मरण’ म्हणताना ताटं वर उचलून झुलवतात. ज्याचा हात ताटाला पोचत नाही त्याने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, त्याच्या खांद्यावर मागच्याने. सगळं चर्च असं एकाला एक जोडून हलतं. झेनोवीने पुढच्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला. तिने खांदा काढून घेतला. त्याने डावीकडे पाहिलं तर तिथला म्हातारा मच्छीमार एक पाऊल सरकला. त्याच्याभोवती टेबलाएवढी जागा मोकळी झाली. बाया पोरांना जवळ ओढत होत्या. मेलेल्याशी कोण जोडून घेईल?

त्याने स्मरांदाच्या खांद्यावर हात ठेवला. ती हलली नाही, पण मला तिचा चेहरा दिसत होता, तीही घाबरली होती.

“ते खोडा,” झेनोवी म्हणाला. गाणं विस्कटलं. “पाद्रीबाबा, मी शिकलेला माणूस आहे. मी असलं काही मानत नाही. पण ते नाव खोडा. जिवंतांत वाचा.”

“ज्यांनी कागद दिला त्यांनी सांगितलं तर...”

“खोडा म्हणतो ना!”

“खोडतील,” मी म्हटलं. “आधी काय केलंत ते सांगा.”

“काय केलं? काय केलं मी?” त्याचा आवाज पोरासारखा चिरकला. “वाचवलं तुम्हाला! मी खबर दिली नसती तर दोघं आत गेला असतात! तुमच्यावर ढकललं म्हणून सुटलात, म्हणून ही पोर घरात वाढली! पाया धुवून पाणी प्यायचं सोडून भर चर्चमधे मला...”

आणि तिथे त्याने स्वतःचं ऐकलं.

स्मरांदाने त्याचा हात खांद्यावरून उचलला, दोन बोटांनी. “काय ढकललं, काका?”

तो चष्मा काढून पुसायला लागला.

“डब्याचं कुणी सांगितलं त्यांना?”

“तुझ्या बाबांनीच मला सांगितलं होतं,” तो म्हणाला. “द्राक्षमळ्यात. मी विचारलंसुद्धा नव्हतं.”

अजूनही बोट दुसऱ्याकडेच! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पाद्रीबाबा कागद हातात धरून माझ्याकडे बघत होता.

“खोडा, बाबा,” मी म्हटलं. “जिवंतांत वाचा. दर रविवारी वाचा. शंभर वर्षं आयुष्य मागा त्याच्यासाठी. ह्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर त्याने जगावं, पाव आणायला रोज ह्याच रस्त्याने जावं.”

पाद्रीबाबाने नाव खोडलं आणि जिवंतांत वाचलं. “आमेन” कुणी म्हटलं नाही. झेनोवी दाराकडे निघाला. पायऱ्यांवर बर्फ होतं. त्याने आधाराला हात पुढे केला, तिथे चार माणसं उभी होती, चौघांनी हात खिशात घातले. तो कठड्याला धरून, बसत बसत, एकेक पायरी उतरला. मी शेवटच्या पायरीपर्यंत बघितलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग मागे वळले तर स्मरांदा टेबलाशी उभी. चेहरा आसवांनी भिजलेला. लहानपणी पडून आल्यावर यायची तशी आली आणि तोंड माझ्या मानेत खुपसलं. “मी ऐकलं, आई,” ती म्हणत राहिली. “मी ऐकलं.” मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझी पोर मला परत मिळाली होती आणि तरी मी त्या गर्दीत चेहरे शोधत होते. सगळ्या गावाने ऐकलं. ज्याने ऐकायला हवं होतं तोच तेवढा नव्हता.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि टेबलावरचा माझा कागद उचलला.

“यावर बाबांचं नाव नाहीये.”

“नाही.”

“विसरलीस?”

“नाही विसरले.”

तिने कागद टेबलावर सपाट केला. “त्यांना फसवलं गं, आई.”

“मला नव्हतं का फसवलं? तरी मी ठेवलाच ना विश्वास तुझ्या बाबांवर? त्याने एकदा विचार करायचा होता, मी कुणाला बोललो का. एकदाच. पावणेदोन वर्षं होती त्याच्याकडे, दुसरं काही काम नव्हतं.”

तिने मेणबत्तीवालीकडून पेन्सिल आणली, कागदाच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरात ‘लेओंतिन’ लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. पाद्रीबाबा टेबलाच्या पलीकडे थांबला होता.

“तू दे, आई. तुझ्या हातून जाऊ दे.”

मी नावाकडे पाहिलं. मग ताटातली विझलेली मेणबत्ती काढून घेतली, बाहीला साखर लागली होती ती झटकली.

“तूच दे,” मी म्हटलं. “माझं पुढच्या वर्षी बघू.”